घोरण्याची दखल कोणी घ्यायची?

राजा श्रेणिकाच्या मनात एक शंका घर करून होती. रावणाचा भाऊ कुंभकर्ण सहा महिने झोपतो, अंगावरून हत्ती चालवले, कानांशी नगारे वाजवले तरी त्याला जाग येत नाही, असे लोक सांगतात. हे कसे संभवते? विमलसूरींच्या ‘पउमचरियं’ या प्राकृत रामकथेच्या आरंभीच ही शंका येते आणि गौतम गणधर तिचे निरसन करतात. असे काही घडले नव्हते, ही कुकवींची रचना होय, असे ते सांगतात. झोपेविषयीच्या ऐकीव गोष्टींवर न विसंबता जाणत्याला विचारावे, ही रीत जैन परंपरेत इतकी जुनी आहे.

पाठशाळेत कर्मांचे भेद पाठ केलेल्यांना आणखी एक गोष्ट आठवेल. तत्त्वार्थसूत्राच्या आठव्या अध्यायात दर्शनावरणीय कर्माचे जे नऊ भेद सांगितले आहेत, त्यांतले पाच झोपेचे आहेत. सहज हाक मारताच मोडते ती निद्रा. हलवून हलवून उठवावे लागते ती निद्रानिद्रा. बसल्या-उभ्या लागते ती प्रचला, चालता चालता येते ती प्रचलाप्रचला. आणि झोपेतच उठून माणूस एखादे अवघड काम करून मोकळा होतो ती स्त्यानगृद्धी. ही विभागणी कर्मविचारासाठी आहे, रोगनिदानासाठी नाही. तिला वैद्यकाच्या दावणीला बांधण्याचे कारण नाही. तरीही बसल्या बसल्या लागणारी झोप रात्रीच्या झोपेहून वेगळी मोजावी, हे ज्यांनी टिपले त्यांची नजर बारीक होती एवढे खरे. आजचा निद्रावैद्य रुग्णाला पहिला प्रश्न तोच विचारतो.

प्रश्न असा आहे की तो विचारणारा डॉक्टर भूगावात किंवा भूगावसारख्या गावात भेटतो का?

चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्याने निघाले की बावधननंतर भूगाव लागते. मानस तलावाकाठचे हे मुळशी तालुक्यातील गाव आता निम्मे शहर झाले आहे. डोंगराच्या पायथ्याशी गृहसंकुले उभी राहिली, त्यांच्या मागोमाग किराणा, हार्डवेअर, फरशी, विजेचे सामान, औषधे यांची दुकाने आली. पुढे पिरंगुटच्या कारखान्यांत पाळ्या चालतात, त्यामुळे रस्त्याला रात्रीही पुरती शांतता नसते. अशा रस्त्यावर बांधकाम साहित्याचे दुकान चालवणारा एक पन्नाशीचा गृहस्थ नजरेसमोर आणावा. नाव काहीही असो. प्रत्येक गावच्या संघात असे दोन-चार असतातच. सकाळी सात वाजता माल उतरवून घेण्यापासून त्याचा दिवस सुरू होतो. दुपारी गादीवर बसल्या बसल्या मान खाली जाते. प्रवचनात पहिल्या दहा मिनिटांत डोळे मिटतात आणि शेजारचे गालातल्या गालात हसतात. रात्री त्याचे घोरणे दोन खोल्यांपलीकडे ऐकू जाते. घरचे त्याला ‘गाढ झोप’ म्हणतात आणि हेवाही करतात. रक्तदाबाच्या दोन गोळ्या चालू आहेत, तिसरी नुकतीच वाढवली आहे, आणि दाब तरीही खाली येत नाही.

आता हाच गृहस्थ नेहमीच्या दवाखान्यात गोळ्या लिहून घ्यायला जातो, तेव्हा दोनपैकी एक गोष्ट घडते. पहिली अशी की डॉक्टर दाब मोजतात, मीठ कमी करा म्हणतात आणि चौथी गोळी लिहून देतात. दुसरी अशी :

“शेठजी, दुकानात बसल्या बसल्या डोळा लागतो का?”

“जेवल्यावर कोणाला लागत नाही, डॉक्टरसाहेब?”

“आणि गाडी चालवताना? सिग्नलला थांबल्यावर?”

शेठजी गप्प बसतात. मग बरोबर आलेल्या त्यांच्या पत्नी बोलतात, “डॉक्टर, ह्यांचं घोरणं रात्री मध्येच थांबतं. अगदी आवाजच बंद. मला भीती वाटते, मी हलवते, मग एकदम धाप लागल्यासारखा श्वास घेतात. किती वर्षं झाली, कोणाला सांगायचं?”

या चार वाक्यांनी पुढची सगळी दिशा बदलते. पहिला डॉक्टर निष्काळजी आहे असे मुळीच नाही. त्याला हे कोणी शिकवलेले नसते, इतकीच गोष्ट आहे. २०११ साली बारा देशांतील वैद्यकीय महाविद्यालयांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. त्या बारा देशांत भारतही होता. संपूर्ण पदवी अभ्यासक्रमात झोप आणि तिचे विकार यांसाठी सरासरी अडीच तासांहूनही कमी वेळ दिला जातो, आणि उत्तर देणाऱ्यांपैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक महाविद्यालयांत तो मुळीच दिला जात नाही, असे तीत आढळले. माणूस आयुष्याचा सुमारे तिसरा हिस्सा झोपेत घालवतो. त्या हिश्श्यासाठी वर्षानुवर्षांच्या शिक्षणातले अडीच तास! एखाद्या पेढीने एक तृतीयांश भांडवलाचा हिशेब वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने मांडावा, तसा हा प्रकार आहे.

याला एक कारणही आहे. हे शास्त्र वयाने लहान आहे. झोपेत डोळे वेगाने हलण्याचा एक वेगळा टप्पा असतो, हे शिकागो विद्यापीठातील असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी १९५३ साली दाखवले. घशाची वाट बंद पडून श्वास अडतो त्या विकारावर नाकावाटे हवेचा सौम्य दाब देण्याचा उपाय, ज्याला सीपॅप म्हणतात, तो ऑस्ट्रेलियातील कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली मांडला. शरीरातील दिवस-रात्रीच्या घड्याळाचे रहस्य उलगडल्याबद्दल तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना नोबेल मिळाले ते २०१७ मध्ये. आज साठीत असलेला डॉक्टर ऐंशीच्या दशकात शिकून बाहेर पडला, तेव्हा यातले बरेचसे त्याच्या पुस्तकात असणे शक्यच नव्हते. म्हणून जो काही मार्ग उरतो तो एकच : नोकरी-व्यवसायात असताना पुन्हा शिकणे.

त्याची कायदेशीर चौकट आपल्याकडे आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनी प्रत्येक डॉक्टरने पाच वर्षांत किमान ३० तास निरंतर वैद्यकीय शिक्षण घ्यावे असे सांगितले, आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेने पाच वर्षांनी होणाऱ्या नोंदणीच्या नूतनीकरणाशी ते जोडले. पाच वर्षांत ३० तास म्हणजे वर्षाला सहा, महिन्याला अर्धा तास. एवढ्यात हृदय, मधुमेह, नवे प्रतिजैविक, लसी, सगळेच आले. झोपेच्या वाट्याला किती मिनिटे येतील याचा हिशेब कोणीही करावा. शिवाय भूगावसारख्या ठिकाणी पहिला दवाखाना पुष्कळदा आयुर्वेदाच्या किंवा होमिओपॅथीच्या पदवीधराचा असतो. त्यांच्या परिषदा निराळ्या, वर्गही निराळे. रुग्ण मात्र तोच, आणि त्याचे घोरणेही तेच.

आणि या तासांचेही खरे-खोटे असते. हॉटेलच्या सभागृहात औषध कंपनीच्या खर्चाने भरलेल्या कार्यक्रमात नोंदवहीत सही झाली की तास जमा होतात. भाषण किती ऐकले, याची नोंद कुठेच नसते. लेखापरीक्षण ज्यांनी केले आहे त्यांना नोंद आणि वस्तुस्थिती यांतले हे अंतर चांगले ठाऊक आहे. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने औषध कंपन्यांच्या विपणनासाठी जी संहिता जाहीर केली, तिने परदेशात असे कार्यक्रम भरवण्यास मनाई केली आणि खर्चाचा तपशील खुला ठेवण्याची अपेक्षा धरली. हे पाऊल चांगले आहे. पण शिकण्याची खरी कसोटी नोंदवहीत लागत नाही. शेठजींना तो प्रश्न विचारला गेला की नाही, इथे लागते.

निद्राशास्त्राच्या अशा वर्गात डॉक्टर नेमके काय शिकतो, हे कुटुंबांनीही समजून घेण्यासारखे आहे. कारण त्यातील बरीच साधने अगदी साधी, कागद-पेन्सिलीची आहेत. मेलबर्नच्या एपवर्थ रुग्णालयातील मरे जॉन्स यांनी १९९१ साली एक प्रश्नावली तयार केली. वाचताना, टीव्ही पाहताना, सभेत स्वस्थ बसल्यावर, तासभराच्या प्रवासात, दुपारी आडवे झाल्यावर, कोणाशी बोलत असताना, जेवणानंतर शांत बसल्यावर, रहदारीत गाडी थांबली असता, अशा आठ प्रसंगी डुलकी लागण्याची शक्यता किती, याला शून्य ते तीन गुण द्यायचे. एकूण चोवीस. बेरीज दहाच्या वर गेली की पुढे तपास करावा. या आठ प्रसंगांकडे नीट पाहिले तर ते प्रचलेचेच प्रसंग आहेत.

पण इथेच चांगल्या वर्गाचा आणि वरवरच्या वर्गाचा फरक दिसतो. घरातील ज्या सासूबाई कधी पुस्तक घेऊन बसत नाहीत, गाडी चालवत नाहीत, दुपारी एक मिनिट आडव्या होत नाहीत, त्यांना हे प्रश्न कसे लागू पडायचे? स्त्रियांमध्ये, विशेषतः पाळी गेल्यानंतर, हा विकार वाढतो. पण त्या ‘झोप येते’ असे म्हणत नाहीत. ‘सकाळी डोके जड असते’, ‘अंगात त्राण नाही’, ‘रात्री सारखी जाग येते’ असे म्हणतात, आणि त्यांच्या हाती लोहाची गोळी दिली जाते. नवरा घोरतो हे बायको डॉक्टरला सांगते. बायको घोरते हे सांगायला किती नवरे दवाखान्यात येतात?

महाराष्ट्रातील आकडाही समोर आहे. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या शहरी पुरुषांची पाहणी केली. ती २००४ साली प्रसिद्ध झाली. झोपेत श्वास अडण्याचा विकार १९.५ टक्के पुरुषांत सापडला, आणि त्याच्या जोडीला दिवसा अतिझोप येणारे ७.५ टक्के निघाले. शंभर व्यापाऱ्यांच्या सभेत सात-आठ जण, असा त्याचा ढोबळ अर्थ. अर्थात ही पाहणी एका शहरातील, एका रुग्णालयाशी निगडित आणि केवळ पुरुषांची होती. तो आकडा उचलून भूगावला चिकटवणे बरोबर होणार नाही. पण बैठे काम, वाढलेले पोट आणि उशिरा मिटणारे दुकान या तिन्ही गोष्टी महामार्गाच्या अलीकडे आणि पलीकडे सारख्याच आहेत.

नुसते लठ्ठपण पाहून भागत नाही, हेही शिकावे लागते. मानेचा घेर मोठा असेल तर घशाची वाट झोपेत सहज दबते. जबडा लहान किंवा मागे असेल तर सडपातळ माणसालाही हा विकार होतो. भूगावात २०१७ च्या डिसेंबरमध्ये महाराष्ट्र केसरीची कुस्ती झाली, तेव्हा तालुका लोटला होता. भरदार मान हे मल्लाचे भूषण! अमेरिकेत फुटबॉलच्या व्यावसायिक खेळाडूंना तपासले असता त्यांच्यात हा विकार सर्वसाधारण लोकांपेक्षा अधिक आढळला होता. बळकट शरीर म्हणजे निर्दोष झोप, ही समजूत त्यामुळे गळून पडली. घशात डोकावून जीभ आणि पडजीभ यांच्यामागे किती जागा दिसते, यावरून चार वर्ग पाडण्याची जी पद्धत जगभर वापरतात, तिला मल्लमपट्टी वर्गीकरण म्हणतात. ती १९८५ साली बोस्टनमध्ये काम करणाऱ्या आंध्रच्या एका भूलतज्ज्ञांच्या नावाने ओळखली जाते. त्यासाठी विजेरी आणि दोन मिनिटे पुरतात.

संशय बळावला की निद्रातपासणी. डोक्याला, डोळ्यांच्या कडांना, हनुवटीला तारा, छाती-पोटाला पट्टे, बोटाला प्राणवायू मोजणारा चिमटा, नाकाशी हवेचा मापक अशी रात्रभराची नोंद घेतली जाते. ती तीस तीस सेकंदांच्या पानांत वाचतात. आठ तासांची झोप म्हणजे ९६० पाने. यंत्र आपोआप हिशेब मांडून देते, पण प्रशिक्षित तंत्रज्ञाने पान पान तपासले नाही तर चुका तशाच राहतात. निरंतर शिक्षणाची गरज डॉक्टरइतकीच या तंत्रज्ञाला आहे. दहा सेकंद किंवा अधिक वेळ श्वास थांबला किंवा ठरावीक प्रमाणात मंदावला की एक घटना धरतात. तासाला अशा पाचांच्या आत घटना असतील तर चिंता नाही. पंधरापर्यंत सौम्य, तीसपर्यंत मध्यम, पुढे तीव्र. तासाला तीस म्हणजे सात तासांच्या झोपेत दोनशे दहा वेळा. ज्याला घरचे गाढ झोप म्हणत होते, ती अशी दोनशे वेळा तुटलेली असते.

उपायांचे ज्ञानही दर काही वर्षांनी बदलते, म्हणून एकदा शिकून चालत नाही. सीपॅपने दिवसाची झोप कमी होते, माणूस ताजातवाना होतो, हे पक्के आहे. पण त्याने हृदयविकाराचे झटकेही टळतील ही आशा २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत खरी ठरली नाही. वापर रात्री सरासरी चार तासांहून कमी झाला, हेही त्याचे एक कारण सांगितले जाते. २०२१ च्या जून महिन्यात एका मोठ्या कंपनीने यंत्रातील फेस झिजतो म्हणून लाखो यंत्रे परत बोलावली. २०२४ च्या डिसेंबरमध्ये वजन उतरवणारे एक इंजेक्शन अमेरिकेत लठ्ठ रुग्णांच्या या विकारासाठी प्रथमच मान्य झाले. जो डॉक्टर वाचत नाही, त्याच्या रुग्णाला या तिन्ही गोष्टी शेजाऱ्याच्या मोबाइलवरून आणि अर्धवट कळतात.

पैशाची बाजूही कोणीतरी स्पष्ट सांगितली पाहिजे. यंत्राची किंमत काही दहा हजारांत जाते, मुखवटा आणि नळ्या काही काळाने बदलाव्या लागतात. घरी वापरायची अशी यंत्रे बहुतेक आरोग्य विम्यांत वगळलेली असतात. पॉलिसीतील न मिळणाऱ्या वस्तूंची यादी आधी वाचावी. काही आठवडे यंत्र भाड्याने घेऊन सवय होते का पाहणे शहाणपणाचे. कपाटात पडून राहिलेले यंत्र ही मृत गुंतवणूक होय. पौषध करणाऱ्या श्रावकापुढे आणखी एक अडचण येते : रात्री विजेचा वापर वर्ज्य, आणि यंत्र तर विजेवर चालते. अशा वेळी परस्पर यंत्र बंद न ठेवता डॉक्टरांना आणि महाराजसाहेबांना आधी विचारावे. हा प्रश्न ज्याच्या कानावर कधी गेलाच नाही, तो डॉक्टर रुग्ण यंत्र का वापरत नाही म्हणून केवळ रागावेल.

समाजातील अनेक कुटुंबांची औषधांची दुकाने आहेत, म्हणून फार्मसीच्या काउंटरचा विचार वेगळा करायला हवा. ‘झोप लागत नाही, ती नेहमीची छोटी गोळी द्या’ म्हणणारे गिऱ्हाईक रोजचे असते. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही औषधे मार्च २०१४ पासून एच-वन अनुसूचीत आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती द्यायची नाहीत, आणि दिल्यावर डॉक्टर, रुग्ण, औषध व प्रमाण यांची वेगळी नोंद करून ती तीन वर्षे जपायची. हा नियम कागदी वाटतो. पण ज्याचा श्वास झोपेत अडतो, त्याला अशी गोळी दिल्याने घशाचे स्नायू आणखी सैलावू शकतात. तक्रार दोघांची एकच असते, ‘रात्री सारखी जाग येते’, आणि एकाला जी गोळी चालली ती दुसऱ्याला बाधते. दीर्घकाळच्या निद्रानाशावर गोळीआधी वर्तनोपचार करावेत, असे अमेरिकेच्या फिजिशियन महाविद्यालयाने २०१६ मध्ये सांगितले : ठरलेल्या वेळी उठणे, झोप नसता अंथरुणात न लोळणे, झोपेची चिंता हाताळायला शिकणे. औषधविक्रेत्यांनाही २०१५ च्या नियमांनुसार पाच वर्षांत किमान दोन उजळणी वर्ग करावे लागतात. संस्थेच्या हॉलमध्ये भरणाऱ्या अशा एखाद्या वर्गात झोपेला एक तास मागून घेणे दुकानदारांच्या संघटनेला अवघड नाही.

राहता राहिली डॉक्टर-परिचारिकांची स्वतःची झोप. अमेरिकेतील एका अभ्यासात, तो २००४ साली प्रसिद्ध झाला, लांबलचक पाळ्या करणाऱ्या शिकाऊ डॉक्टरांकडून अतिदक्षता विभागात गंभीर चुका सुमारे ३६ टक्क्यांनी अधिक झाल्या. मुलगा निवासी डॉक्टर आहे म्हणून ज्या घरांत अभिमान आहे, त्या घरांत तो ड्यूटी संपवून स्वतः गाडी चालवत परत येतो की रिक्षाने, ही चौकशीही व्हावी.

शेठजींचे काय झाले असते? डॉक्टरांनी ड्रॉवरमधून शिंप्याची टेप काढली. “कॉलर किती नंबरची लागते, शेठजी?” त्यांना अंगात घालायच्या सदऱ्याचा नंबर कधी ठाऊक नव्हता. पत्नी म्हणाल्या, “आधी पंधरा होती. दिवाळीला साडेसोळा घेतली.” डॉक्टरांनी टेप गळ्याभोवती धरली आणि बेचाळीस सेंटिमीटर असे कागदावर लिहिले. खाली आठ प्रश्नांची बेरीज होती : पंधरा. तपासणीची तारीख पुढच्या गुरुवारची मिळाली. त्या दिवशी पिरंगुटला माल पोचवायला गाडी मुलगा घेऊन जाईल, असे दवाखान्यातून निघतानाच ठरले.